टाकीतही हळूहळू उजाडू द्या

टाकीवरचा दिवा लागायला किती वेळ लागतो? बटण दाबलं की लागला. सूर्य मात्र इतक्या घाईनं कधीच उगवत नाही. आधी पूर्वेला फटफटतं, झुंजुमुंजू होतं, तांबडं फुटतं आणि मग उजाडतं. आपल्याकडे सूर्याची कड क्षितिजावर येण्याच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं तरी अंगणातला माणूस ओळखू येईल एवढा उजेड झालेला असतो. घरातल्या काचेच्या टाकीत दोनच वेळा असतात, मध्यरात्र आणि भर दुपार. रुळलेले मासे हा झटका कसाबसा सहन करतात. प्रवासातून थकून आलेल्या नव्या माशाला तो झेपत नाही. पाणी, तापमान, फिल्टर, खाणं या सगळ्यांबद्दल दुकानदार न विचारताही सांगतो. दिव्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. काही वर्षांपूर्वी क्रॉफर्ड मार्केटमधून मी बारा कार्डिनल टेट्रा आणले. त्याच आठवड्यात टाकीवर नवा, लख्ख एलईडी दिवा बसवला होता आणि संध्याकाळी घरी पाहुणे यायचे होते. मासे सोडले ते पूर्ण उजेडात, सगळ्यांना दिसावेत म्हणून. बाराच्या बारा मासे हीटरच्या मागे एका कोपऱ्यात दाटीवाटीनं जाऊन बसले. अंगावरची लाल-निळी झळाळी पार उतरली होती. पाण्याची चाचणी ठीक होती, तापमान ठीक होतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले आणि आठवड्याभरात सात मासे गेले. दोन-तीन महिन्यांनी, टाकी पुन्हा निरोगी झाल्यावर, त्याच जातीचे दहा मासे आणले. या वेळी टाकी अंधारी ठेवली आणि उजेड आठवडाभर थोडा थोडा वाढवत नेला. दहाही मासे जगले. एवढ्यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतर एकही नवा मासा मी लागलेल्या दिव्याखाली सोडलेला नाही.

माशाचा डोळा कसा चालतो हे समजलं, की पुढची प्रत्येक सूचना आपोआप पटते. अंधाऱ्या खोलीत अचानक ट्यूबलाइट लागली तर आपण डोळे मिटतो, हात आडवा धरतो, आणि तोवर बाहुली आकुंचन पावून आत येणारा उजेड कमी करते. आपण घरी पाळतो त्या माशांना मिटण्यासाठी पापण्याच नाहीत. बहुतेकांची बाहुलीही लहानमोठी होत नाही, ती कायम सताड उघडी असते. उजेडाशी जुळवून घेण्याचं काम त्यांच्या डोळ्याच्या आत, पडद्यावर चालतं. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी आणि भर उजेडात पाहणाऱ्या शंकुपेशी तिथे चक्क आपली जागा बदलतात. उजाडू लागलं की शंकुपेशी पुढे येतात, दंडपेशी मागे सरतात आणि त्यांच्याभोवती काळ्या रंगद्रव्याचा पडदा पसरतो. अंधार पडला की सगळं उलट होतं. ही हलवाहलव क्षणात होत नाही, तिला बरीच मिनिटं लागतात, कधी तासभरही. नदीत, तळ्यात पहाट होतेच मुळी सावकाश, त्यामुळे या डोळ्याला घाई करण्याची गरज कधी पडलीच नाही. आपण बटण दाबतो तेव्हा त्याच्या नाजूक दंडपेशी उघड्यावर असतात आणि दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं.

शिवाय मासा उजेड फक्त डोळ्यांनी ओळखत नाही. त्याच्या डोक्याच्या वरच्या बाजूला, कवटीखाली, पिनिअल नावाचा एक इवलासा अवयव असतो आणि त्याला उजेड थेट जाणवतो. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९११ साली, म्हणजे मधमाश्यांच्या त्या कामाच्या कितीतरी आधी, आंधळ्या मिनो माशांच्या डोक्यावर उजेड-सावली करून पाहिली होती, आणि त्या माशांच्या कातडीचा रंग बदलताना दिसला होता. हाच पिनिअल रात्री मेलाटोनिन स्रवतो आणि माशाच्या शरीराला रात्र झाल्याचं कळवतो. म्हणजे मासा दगडाआड तोंड खुपसून बसला तरी दिवस आणि रात्र यांचा हिशेब त्याच्या डोक्यात चालूच असतो. दिवा अवेळी लागला की तो हिशेब चुकतो.

आता नवा मासा कुठून कुठे येतो ते पाहा. आपल्या दुकानांतले बरेचसे मासे कोलकाता किंवा चेन्नईकडच्या पैदास केंद्रांतून थर्माकोलच्या बंद खोक्यांत येतात. कित्येक तास पूर्ण अंधार. मग दुकानातल्या रिकाम्या, चहूबाजूंनी उजळलेल्या टाकीत एक-दोन दिवस, आणि पुन्हा तुमच्या पिशवीत. कार्डिनल टेट्रांची गोष्ट तर याहून दूरची. हे मासे ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीच्या खोऱ्यातले आणि त्यांतले कितीतरी आजही बार्सेलोस या गावाच्या आसपास नदीतून पकडले जातात. रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. कुजलेल्या पानांतलं टॅनिन उतरून तिचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं झालेलं असतं. वर जंगलाची गर्द सावली, खाली पाण्यात बुडालेली झाडांची मुळं आणि पाचोळा. अशा जागी जन्मलेल्या माशाला पांढऱ्याशुभ्र खडीवर, उघड्या काचेत, ६५०० केल्विनच्या एलईडीखाली आणून सोडायचं आणि मग तो लाजतो म्हणून तक्रार करायची, हे बरोबर नाही.

म्हणून तयारी मासा आणण्याच्या आधी सुरू करावी. टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून काळा कार्डशीट कागद चिकटवा. खर्च नगण्य आणि फरक मोठा, कारण मागून येणारा उजेड थांबतो आणि माशाला पाठ टेकायला भिंत मिळाल्यासारखं होतं. तळाला पांढरी, गुलाबी, निळी खडी असेल तर ती बदलून गडद तपकिरी किंवा काळी घाला. मासा वरून येणाऱ्या उजेडाला सरावलेला असतो. खालून डोळ्यांवर येणारी चमक त्याला नैसर्गिक ओढ्यात क्वचितच भेटते. फिक्या तळावर मासे स्वतःही फिके पडतात, कारण तळाच्या रंगात मिसळून जाण्यासाठी ते कातडीतलं रंगद्रव्य आवळून घेतात. दुकानात लालभडक दिसलेला मासा घरी येऊन फिकुटला, तर दुकानदारावर संशय घेण्याआधी आपली खडी बघावी.

त्यानंतर सावली. माझ्या मते नव्या माशासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट ही. दिवा कमी करण्याइतकीच महत्त्वाची, कारण सावली असली की किती उजेडात जायचं हे मासा स्वतः ठरवू शकतो. टाकीचा निदान एक तृतीयांश भाग सावलीत हवा. साल्विनिया, पिस्टिया यांसारख्या तरंगत्या वनस्पती यासाठी उत्तम. त्या फिल्टरच्या प्रवाहात भरकटून टाकीभर पसरतात, तेव्हा एअर पंपाच्या पारदर्शक नळीचा तुकडा घेऊन त्याची दोन टोकं जोडून गोल कडं करायचं आणि वनस्पती त्या कड्यात सोडायच्या. कडं तरंगत राहतं, सावली एका जागी टिकते. खाली लाकडाचा एखादा ओंडका, दगडांची कपार, नारळाची करवंटी. जावा फर्न आणि अनुबियास या दोन वनस्पती कमी उजेडात तगतात, त्यांना लाकडाला दोऱ्यानं बांधलं की काम झालं. ज्यांना जोमदार उजेड लागतो अशा लाल पानांच्या वनस्पतींचा मोह पहिल्या टाकीत तरी आवरावा. त्यांच्यासाठी लावलेला प्रखर दिवा माशांना नको असतो, आणि कार्बन डायऑक्साइड व खत यांचं गणित जमलं नाही तर त्या दिव्यावर शेवाळच माजतं.

रिओ नेग्रोचं पाणी आणणं आपल्याला शक्य नाही, पण त्याच्या जवळ जाण्याची सोय मुंबई-पुण्याच्या रस्त्यांच्या कडेलाच उभी आहे. देशी बदाम, ज्याची मोठी पानं गळण्याआधी तांबडीलाल होतात. त्याची झाडावरून आपोआप गळलेली, पूर्ण वाळलेली तपकिरी पानं गोळा करा. वर्दळीच्या रस्त्यावरची किंवा औषधफवारणी झालेल्या बागेतली नकोत. स्वच्छ धुऊन, उकळतं पाणी ओतून निवू द्या आणि ४०-५० लिटर पाण्याला एक मोठं पान या हिशेबानं टाकीत सोडा. दोन-तीन दिवसांत पाण्याला फिकट चहाचा रंग येतो आणि उजेड आपसूक मवाळ होतो. फायटर, टेट्रा, कोरीडोरस या माशांना हे पाणी मानवतं. घरच्या माणसांना पाणी घाण झाल्यासारखं वाटतं, त्यांना आधीच सांगून ठेवावं.

मासे आणायची वेळ जमल्यास संध्याकाळची निवडा. दिवेलागणीच्या सुमाराला मासा टाकीत गेला, की पुढची अख्खी रात्र त्याला शांतपणे जागा ओळखायला मिळते. दुकानातून निघताना पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून किंवा कापडी पिशवीत ठेवून आणा. घरी पोचण्याच्या तासभर आधी टाकीवरचा दिवा बंद झालेला असावा, हे घरी फोन करून सांगता येतं. खोलीत मात्र कोपऱ्यातला एखादा मंद दिवा चालू ठेवा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण उजेड वाईट असं ऐकून काही जण खोलीतही काळोख करतात. पूर्ण काळोखात अनोळखी जागी सोडलेला मासा काचेवर आपटतो, लपायची जागा त्याला सापडत नाही, आणि काही चुकत असेल तर ते तुम्हालाही दिसत नाही.

बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवायची, दोन्हीकडचं तापमान सारखं होईपर्यंत. इथेही दिवा बंदच हवा. चालू दिव्याखाली, झाकणाच्या आत तरंगणारी पिशवी तापते आणि आतला मासा उजेडापासून कुठेही लपू शकत नाही. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा कप टाकीचं पाणी तिच्यात घालत जा, असं वीस-पंचवीस मिनिटं. जवळच्या दुकानातून तासाभरात आणलेल्या माशासाठी एवढं बास. परगावाहून बारा-चौदा तास प्रवास करून आलेल्या पिशवीबाबत मात्र उलटं करा. तिच्यातलं पाणी साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आम्लधर्मी झालेलं असतं आणि त्यामुळे आतला अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो आणि तोच अमोनिया जहाल बनतो. तेव्हा अशी पिशवी उघडल्यावर रेंगाळू नये. शेवटी मासा जाळीनं उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता.

दिवा बंद ठेवण्याचा एक फायदा फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. टाकीत आधीपासून राहणारे मासेही अंधारात सुस्तावलेले असतात. एंजल, टायगर बार्ब किंवा सिक्लिड जातीतले दांडगे मासे दिवसा नव्याच्या अंगावर लगेच धावून जातात. रात्री ते तसं करत नाहीत आणि सकाळपर्यंत नव्याला आडोसा सापडलेला असतो. तरी झाकण मात्र घट्ट लावा. घाबरलेला मासा कुठल्याही क्षणी उडी मारतो.

पहिल्या रात्री खायला घालू नका. दुसऱ्या दिवशीही टाकीचा दिवा लावू नका, खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड पुरे. वनस्पतींची काळजी वाटत असेल तर ती सोडा, शेवाळ हटवण्यासाठी लोक टाकी तीन तीन दिवस पूर्ण झाकून ठेवतात आणि वनस्पती त्यातून नीट बाहेर पडतात. तिसऱ्या दिवशी दोन-तीन तास, तोही मंद दिवा. मग रोज तासभर वाढवत आठवड्याभरात सहा ते आठ तासांवर या आणि तिथेच थांबा. आठ तासांहून जास्त उजेड बहुतेक घरगुती टाक्यांना लागत नाही. प्रखरता वाढवायची ती त्यानंतर. तास आणि तेज दोन्ही एकदम वाढवलं, तर मासा बिथरला कशानं ते कळत नाही.

मंद करायचं कसं? दिव्याला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय असेल तर २०-३० टक्क्यांपासून सुरुवात करा. नसेल तर दिव्याखालच्या काचेच्या झाकणावर बटर पेपरचे दोन थर पसरा आणि दर दोन-तीन दिवसांनी एकेक काढा. दिवा स्टँडवर असेल तर तो वीत-दीड वीत वर उचला. एलईडी फार तापत नाही, तरी कागद दिव्याला चिकटू देऊ नका, आणि दिव्यावर कापड तर कधीच टाकू नका. ओलं कापड आणि वीज एकत्र येणं घातक.

आता रोजची पहाट. रुळल्यावरही हा क्रम सोडू नये असं मला मनापासून वाटतं, कारण माशाचा डोळा जन्मभर तोच राहतो. सकाळी आधी पडदा सरकवायचा किंवा खोलीतला दिवा लावायचा. त्यानंतर अर्ध्या तासानं टाकीचा. खाणं आणखी पंधरा-वीस मिनिटांनी. रात्री आधी टाकीचा दिवा मालवायचा, मग अर्ध्या तासानं खोलीतला. एवढंच. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. टाकीवर दोन दिवे असतील तर दोन टायमर लावून एक आधी आणि दुसरा वीस मिनिटांनी लावता येतो. बाजारात सूर्योदय-सूर्यास्ताची सोय असलेले दिवे मिळतात, परवडले तर जरूर घ्या. पण कितीही भारी दिवा घेतला तरी रात्री निळा उजेड चालू ठेवायची खोड लावून घेऊ नका. त्याला चांदणं म्हणून विकतात. माशाला रात्री रात्र हवी असते.

वेळा पाळायला टायमर हवाच, कारण आपल्या लक्षात राहत नाही. पण विजेचा लपंडाव असलेल्या गावात त्याच्याही मर्यादा माहीत हव्यात. गोल चकतीचा साधा टायमर विजेच्या मोटरवर फिरतो. तीन तास वीज गेली की तोही तीन तास थांबतो, आणि दुसऱ्या दिवसापासून दिवा तीन तास उशिरा लागतो आणि तितक्याच उशिरा मालवतो. असं आठवड्यात चार वेळा झालं की तुमच्या टाकीत मध्यरात्री दुपार होते. लोडशेडिंगच्या भागात आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. टायमर नसेल तर रात्री दिव्याचं बटण नक्की बंद करून झोपा. संध्याकाळी वीज गेली म्हणून मालवलेला दिवा पहाटे तीन वाजता वीज येताच भपकन लागतो, आणि सकाळी एखादा मासा फरशीवर सापडतो. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फिल्टर आणि एअर पंप जोडा, दिवा नको. हवा थांबली तर मासे मरतात, उजेडावाचून त्यांचं काही अडत नाही.

सगळ्या माशांना सारखीच सावली लागते असंही नाही. गप्पी, मोली, प्लॅटी, गोल्डफिश हे उजेडाला लवकर सरावतात, त्यांच्यासाठी दोन-तीन दिवसांची सावधगिरी पुरते. झेब्रा डॅनिओ हा तर गंगेच्या खोऱ्यातल्या उथळ पाण्यांमधला आपला मासा. पहाट त्याच्या अंगात इतकी मुरलेली आहे की त्याची मादी अंडी घालते ती सकाळचा पहिला उजेड पडल्यावर. जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा पाळतात, तिथे १४ तास उजेड आणि १० तास अंधार असा नेम पाळला जातो. केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणारा मिस केरळ चपळ आणि दणकट दिसतो, पण अचानक उजेड झाला की सगळा थवा एकदम उसळतो, म्हणून त्याच्या टाकीला लांबी आणि झाकण दोन्ही हवं. तो निसर्गात संकटात आहे, तेव्हा पैदास केलेलाच घ्या.

निऑन, कार्डिनल, डिस्कस, एंजल यांना पूर्ण आठवडा द्या, डिस्कसला दोन दिलेत तरी चालेल. कुली लोच आणि इतर निशाचर मासे कितीही दिवस गेले तरी उजेडात फारसे फिरणार नाहीत. त्यांना बाहेर काढायच्या प्रयत्नात लपायच्या जागा काढून घेऊ नयेत. दुकानात सकर फिश म्हणून मिळणाऱ्या प्लेकोची गंमत वेगळी. बहुतेक माशांना न जमणारी गोष्ट त्याला जमते. त्याच्या बाहुलीवर वरून एक छोटी झालर उतरते आणि उजेडाच्या प्रमाणात खालीवर होते. टॉर्च न मारता, दिवसा काचेजवळ जाऊन बघा, बाहुली घोड्याच्या नालासारखी दिसेल. हाही रात्रीचाच मासा, त्याचं आणि लोचचं खाणं दिवा मालवल्यावर टाका, बुडणाऱ्या गोळ्यांचं. पण छोट्या टाकीसाठी तो घेऊच नका, साध्या जातीचा प्लेको फूटभराहून मोठा होतो. आणि वाढला म्हणून तो तळ्यात किंवा नदीत सोडणं हा मोठा अपराध आहे. आपल्या देशात अनेक ठिकाणी तो असाच पसरला आहे.

आणि अल्बिनो मासे. पांढऱ्या-गुलाबी अंगाचे, लाल डोळ्यांचे कोरीडोरस, बार्ब किंवा ऑस्कर दुकानात फार उठून दिसतात. डोळ्याच्या पडद्यावर पसरणारं जे काळं रंगद्रव्य मघाशी सांगितलं, ते यांच्याकडे नसतं. उजेडापासून दंडपेशींना झाकायला आत काहीच नाही. अशा माशाला तेज कायम कमी आणि सावली कायम जास्त हवी, आठवड्यापुरती नव्हे. ज्यांना लख्ख टाकीच हवी आहे त्यांनी अल्बिनो मासा घेऊ नये.

मासा रुळतोय की नाही हे कसं ओळखायचं? पर अंगाशी चिकटवलेले, रंग उतरलेला, कल्ल्यांची उघडझाप जलद, एकाच कोपऱ्यात घोळका, दिवा लावताच तळाशी सूर मारणं, किंवा काचेला लागून सतत वरखाली पोहत राहणं ही बिनसल्याची चिन्हं. पर पसरलेले, पाण्याच्या मधल्या थरात संथ वावर, खाण्यासाठी पुढे येणं ही बरी चिन्हं. एक चिन्ह मात्र फसवं. सकाळी दिवा लागण्याआधी निऑन किंवा कार्डिनलकडे पाहिलंत तर त्यांचा निळा पट्टा मलूल आणि लाल रंग जवळजवळ गायब दिसेल. तो आजार नाही, रात्रीचा पेहराव आहे. उजेडात थोड्या वेळात रंग परत येतो. हे माहीत नसल्यानं घाबरून टाकीत औषध ओतणारे लोक मी पाहिले आहेत. रंग दिवसभर परतला नाही, तरच काळजी करा.

उजेडावर सगळं खापर फोडणंही चुकीचं ठरेल. पाण्यात दोष असेल तर कितीही सावली दिली तरी मासा वाचणार नाही. ओळखण्याचा सोपा मार्ग असा, की दिवा बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा. मासे पांगले, श्वास संथ झाला, तर अडचण उजेडाची होती. अंधारातही ते पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत असतील, तर लगेच अमोनिया तपासा, हवा वाढवा आणि क्लोरीन घालवलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्यानं एक तृतीयांश पाणी बदला. अंगावर पांढरे ठिपके दिसले तर ते ताणानंतर बळावलेल्या परजीवीचं काम. त्यावर वेगळा उपचार लागतो, तो सुरू असतानाही दिवा मंदच ठेवा.

घरातल्या माणसांशीही थोडं बोलून ठेवावं लागतं. पाहुणे आले की रात्री अकरा वाजता दिवा लावून मासे दाखवणं, मोबाइलच्या फ्लॅशनं फोटो काढणं, मुलांनी बटणाशी खेळणं, हे नव्या माशांच्या पहिल्या दोन आठवड्यांत तरी कटाक्षानं टाळावं. मुलांना कारण समजावून सांगितलं तर तीच इतरांना अडवतात, असा माझा अनुभव आहे. गणपतीत आणि दिवाळीत टाकीच्या शेजारी लुकलुकणाऱ्या माळा येतात. टाकी हलवता येत नाही, तेव्हा माळेच्या बाजूची काच त्या दिवसांपुरती जाड कागदानं झाका. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट काचेवर येत असेल तर तिथे पडदा हवाच, उन्हाळ्यात त्या उन्हानं पाणीही तापतं.

दहा-बारा दिवसांनी एकदा पहाटे उठून, दिवा न लावता, टाकीपासून दोन हात लांब खुर्ची टाकून बसा. खिडकीतून जेमतेम उजेड येत असेल. नवे मासे तरंगत्या मुळांखालून एकेक करून बाहेर निघतील, मोकळ्या पाण्यातून एखादी फेरी मारतील आणि पुढच्या काचेशी येतील. दिवा लावण्याआधीच ते असे येऊ लागले, की झाकणावरचा शेवटचा बटर पेपर काढून टाका. साल्विनिया मात्र राहू द्या.